भूत घालणार नाही

९ जानेवारी

नाही म्हणून आले!

तोंडून गेलं ते गेलं. प्रकाशकांनी चहा मागवला, पंखा कमी केला, माझ्या हस्तलिखितावर हात ठेवला — तेव्हाच ओळखलं, काहीतरी कापायचंय यांना.

"बाई, तीनशे पानं वाचक श्वास रोखून बसतो. आणि शेवटी काय? काहीच नाही. नुसता बाप!"

"हो. नुसता बाप."

"भूत घाला हो. शेवटच्या दहा पानांत एखादं भूत निघू दे. त्याच्या अंगात काहीतरी शिरलं होतं म्हणा. वाचकाला भुताने झपाटलेला बाप चालतो. शहाणासुरता बाप असा वागलेला चालत नाही."

अकरा पुस्तकांत यांच्यासाठी भुतं घातली. विहिरीत घातली, लिफ्टमध्ये घातली, एकदा तर शिवणयंत्रात घातलं. आणि मुखपृष्ठावर दर वेळी तेच लाल डोळे — आतल्या भुताला डोळेच नसले तरी! बारावं पुस्तक माझं आहे. 'माळा'मध्ये भूत घालणार नाही.

"विचार करा," म्हणाले.

"केलाय," म्हटलं आणि उठले. चहा तसाच राहिला. चांगला होता बहुतेक.

१० जानेवारी

लॅबमध्ये नऊ कवळ्या. त्यातली एक तिसऱ्यांदा परत आलेली — म्हातारबुवांना म्हणे हसताना टोचते. हसू नका म्हणावं!

बावीस वर्षं हेच काम. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा येतो, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते. माणूस कधी दिसत नाही, फक्त त्याचं रिकामं तोंड. मालक सगळ्यांना सांगतात, "आमच्याकडे भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाई आहेत." आणि लोक ठरलेलं विचारतात — रात्रीच्या लिहिता का? स्मशानात जाता का?

नाही. लॅबमधून आल्यावर, दुपारी तीन ते पाच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आईला सांगून ठेवते, दार लावलंय, घर पेटलं तरच हाक मार. रात्री मी झोपते. भीती वाटायला अंधार लागतो असं ज्याला वाटतं, तो कधी नीट घाबरलेलाच नाही.

११ जानेवारी

इथे तरी खरं लिहून ठेवते.

आमचं जुनं घर. पुढच्या खोलीत बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर, त्यावर लाकडी माळा. दादा आणि मी शाळेतून आलो की खेळायला माळ्यावर. मी सहा वर्षांची, तो नऊ. कधी कधी खेळता खेळता खाली बघावं, तर शिडी नसायची. हाका मारल्या तर कुणी ओ देत नसे. बोंबललो तरी नाही. जुन्या गाद्या, उंदरांचा वास, कौलातून येणारी उन्हाची एक रेघ. ती रेघ भिंतीवरून सरकत सरकत गेली की कळायचं, किती वेळ झाला.

संध्याकाळ झाली की खालून खर्र — शिडी लागायची. आणि खाली बाबा उभे. दोन्ही हात शिडीवर. तोंडातून एक शब्द नाही. राग नाही, हसू नाही, काहीच नाही. तो चेहरा मला अकरा पुस्तकांत जमला नाही.

आई म्हणायची, "गडबड करू नका रे, बाबांना खपत नाही."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव. खुर्चीवर आता दादा बसतो. गावभर लोक सांगतात, त्यांच्यासारखा शांत माणूस पाहिला नाही.

शांत! हो, होते.

१९ जानेवारी

मासिकवाल्यांनी 'माळा'तलं एक प्रकरण घेतलं. जसंच्या तसं! संपादकबाईंनी फक्त एक स्वल्पविराम काढला. तो मी परत घालायला लावला.

२७ जानेवारी

साहित्य मंडळाचं पत्र. पुरस्कारासाठी पाठवलेलं मागचं पुस्तक परत — "भयकथा हा प्रकार विचारार्थ घेण्याची प्रथा नाही." खाली मंडळाच्या सचिवांनी पेनाने लिहिलंय, "आपली भाषा उत्तम आहे. काही गंभीर लिहावे."

उत्तर टाकलं. लिहिलं, मरण, एकटेपणा आणि बंद दार याहून गंभीर काही सापडलं तर कळवा, त्यावर लिहीन.

पेटीत टाकल्यावर वाटलं, फार झालं का? मग वाटलं, कमीच झालं.

२ फेब्रुवारी

अंक आला!

लॅबमध्ये माझ्या शेजारी बसते ती — आम्ही तिला मेणवाली म्हणतो, मेणाचं काम तिच्याइतकं कुणाचं साफ नाही — तिने जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा उघडा तसाच. वाचून झाल्यावर वर बघेना. म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "आमच्याकडे मोरी होती. बाहेरून कडी."

एवढंच. मग डबा बंद केला आणि कामाला लागली. आज तिच्या हातून दोन दात तिरके बसले.

हे पाहिजे होतं मला. लाल डोळे नको होते.

४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "तुम्ही असं करायला नको होतं. ह्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये." मी म्हटलं, त्याला द्या फोन. म्हणाली, "ते नाही बोलायचे." मागून खोकला ऐकू आला — तिथेच उभा होता!

५ फेब्रुवारी

दादा आला. दुकान बंद ठेवून. बाबांच्या आजारपणातही दुकान बंद ठेवलं नव्हतं यानं.

आई आतल्या खोलीत पडली होती. म्हणून दोघंही कुजबुजत भांडलो. सत्तावन्न वर्षांचा तो, चोपन्नची मी, आणि स्वयंपाकघरात उभं राहून कुजबुजत भांडण! लहानपणी असंच भांडायचो. खाली आवाज जाऊ नये म्हणून.

"चिंगे, बाबांनी कधी हात उगारला आपल्यावर? एकदा तरी?"

"हात कशाला उगारतील? शिडी होती ना."

"कुठली शिडी? दहा वेळा काय झालं असेल, ते धरून बसलीस! गिऱ्हाईक विचारतंय मला. म्हणतात, गोष्टीतला घड्याळवाला म्हणजे तुमचेच वडील का हो? काय सांगू मी?"

"हो सांग."

पांढराफटक पडला. म्हणाला, पुस्तक काढलंस तर तुला भाऊ नाही असं समज. मी म्हटलं, "दादा, तू पण होतास वर. तू तर आधी रडायचास."

"मी झोपायचो," म्हणाला. आणि गेला. चप्पल घालताना तोल गेला त्याचा. मी हात पुढे केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

आईने आतून विचारलं, "कोण आलं होतं?" म्हटलं, मीटरचं रीडिंग घ्यायला.

आईला काही सांगितलेलं नाही. एक्क्याऐंशी वर्षं. नजरेचा मधला भाग गेलाय तिचा — कडेकडेचं दिसतं, अक्षर दिसत नाही. माझं एकही पुस्तक तिने वाचलेलं नाही. दिसत होतं तेव्हाही नाही. "मला भीती वाटते बाई," म्हणायची.

६ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. अकरा कवळ्या.

११ फेब्रुवारी

एक पान आहे, तिथे सगळं अडतं. बाप शिडी धरून उभा आहे आणि मुलगी वरून बघतेय, ते पान. आत्तापर्यंत सगळं मुलीच्या डोळ्यांनी लिहिलंय. एकदाच बापाच्या डोक्यात शिरायचंय. त्याला काय वाटतं? सूड? मजा? का काहीच नाही?

सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा खोटं वाटतंय. क्रूर केला की नाटकातला खलनायक होतो. थंड केला की कागदाचा होतो. राक्षसाच्या पोटात शिरून लिहिणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे, शिवणयंत्राच्या मनात काय चाललंय ते लिहिलंय मी! आणि आमच्या बाबांच्या मनात काय होतं ते जमत नाही?

जमेल. न जमून सांगते कुणाला!

१३ फेब्रुवारी

नाही जमलं. ते पान गाळलं. बाप गप्प उभा, बस. वाचकाने काय भरायचं ते भरावं.

१६ फेब्रुवारी

दादा प्रकाशकांकडे जाऊन आला! माझ्या पाठीमागे!

प्रकाशकांनीच बोलावून सांगितलं. म्हणे शांतपणे बोलला, हात जोडले, जाताना त्यांच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून गेला. खरंच टिकटिकत होतं.

"बाई, आता माझंही ऐका. भूत घाला. तुमच्या भावाचंही समाधान होईल — मग ती गोष्ट होते हो, आरोप राहत नाही."

"मला गोष्ट लिहायची असती तर तुमच्यासाठीच लिहिली असती."

"मग माझ्याकडून नाही होणार."

हस्तलिखित पुढे सरकवलं. सतरा वर्षांचा संबंध! दोऱ्याने बांधून दिलं, गाठही नीट मारली. मी काखेत धरलं आणि चालत घरी आले. रस्ताभर मनात भांडत होते. एका फळवाल्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतेय. म्हणाला, "ताई, गोड नसली तर परत आणा." संत्री घ्यावी लागली.

१७ फेब्रुवारी

नाही छापलं तर हाताने लिहून काढीन. वीस प्रती. दारोदार वाटीन.

(संत्री आंबट.)

२४ फेब्रुवारी

मेणवालीच्या ओळखीने एका छापखानेवाल्या बाईंकडे गेले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, औषधांची लेबलं — आणि वर्षाला दोन-तीन पुस्तकं, "जी कुणी घेत नाही ती," असं त्याच म्हणाल्या. बोटं शाईने काळी, चष्मा दोरीने गळ्यात. हस्तलिखित तिथेच उघडून उभ्या उभ्या वाचायला लागल्या. मी लेबलांच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. हजारदा तेच.

चाळीसेक पानं झाल्यावर चष्मा काढला. म्हटलं, आता भूत मागणार.

म्हणाल्या, "मुखपृष्ठावर काय हवंय?"

"काही नको. पांढरं. नाव तेवढं."

"मळतं पांढरं."

"मळू दे."

हसल्या. वरचे दोन दात खोटे आहेत. काम चांगलं आहे, आमच्या लॅबचं नाही.

२ मार्च

आईने विचारलं, "दादा महिनाभर आला नाही. भांडलात?" म्हटलं, दुकानात काम फार आहे. म्हणाली, "घड्याळं कोण दुरुस्त करतं हल्ली?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. डोळे गेले, पण बाकी काही गेलेलं नाही हिचं.

९ मार्च

आधी हे लिहिते, मग जेवते.

वाचनालयात वाचन होतं. चाळीस खुर्च्या, माणसं तीसेक. मेणवाली पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. छापखानेवाल्या बाई दारापाशी. सुरुवात केली आणि मागे बघितलं — शेवटच्या रांगेत दादा!

एक घोट पाणी प्यायले. मनात म्हटलं, आता थांबलीस तर आयुष्यभर भुतंच लिहायची. आणि वाचलं. शिडी जाते, उन्हाची रेघ सरकते, भाऊ बहिणीला म्हणतो रडू नकोस आणि स्वतः रडतो — सगळं वाचलं. त्याच्याकडे बघून वाचलं.

मध्येच एक वृद्ध गृहस्थ उठले. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तीस वर्षं माझं घड्याळ सांभाळलं. देवमाणूस होता. लाज वाटली पाहिजे!" खुर्ची ढकलून निघाले. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, "तुमचं घड्याळ त्यांनी सांभाळलं, यात शंकाच नाही. मी पुढे वाचते."

वाचून संपवलं. टाळ्या नाहीत. कुणी हललंच नाही. भयकथा लिहिणाऱ्याला याहून मोठी दाद नसते — पण तेव्हा ते सुचलं नाही. तेव्हा फक्त दादाची खुर्ची रिकामी दिसली.

बाहेर आले तर पायरीवर बसला होता. रुमाल तोंडाला. मी शेजारी बसले.

"मी झोपायचो नाही," म्हणाला.

"माहितीये."

"खालची घड्याळं मोजायचो. दुकानातली. सगळी एकदम वाजत नसत, मागे-पुढे. शेवटचं वाजलं की बाबा येणार. एवढं पाठ होतं." नाक पुसलं. "मला सगळं आठवतं, चिंगे. पण मी रोज त्यांच्या खुर्चीत बसतो ना. कसं बसू सांग."

त्याचा हात धरला. तेलाचा वास येतो अजून, बाबांच्या हाताला यायचा तोच.

"काढ पुस्तक," म्हणाला. "खरं आहे ते काढ. मी बघून घेईन गिऱ्हाइकांचं."

दादा कबूल झाला!! अठ्ठेचाळीस वर्षांनी कुणीतरी म्हणालं — हो, झालं होतं. मी वेडी नाही. मला प्रकाशक नको, मंडळ नको, सचिवांचं पेन नको. आता कुणाच्या बापाला भीत नाही मी. माझ्यासुद्धा.

१० मार्च

मालक म्हणाले, "आज फार खुशीत?" म्हटलं, हो. चौदा कवळ्या! एकही परत येणार नाही.

२० मार्च

प्रुफं आली. दोनशे अठ्ठ्याण्णव पानं. छापखानेवाल्या बाईंनी समासात कुठे कुठे बारीक प्रश्न काढलेत. गाळलेल्या पानाच्या जागी लिहिलंय, "इथे मला कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटलं. असू दे का?"

असू दे, लिहिलं.

२५ मार्च

दादा येऊन गेला. आईसाठी मऊ बिस्किटं. जाताना तिच्या पाया पडला तर म्हणाली, "तुझी बहीण काय लिहिते रे? शेजारीण सांगत होती, सगळे रडतात म्हणे ऐकून." दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "आपल्या घराबद्दल आहे, आई."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

२८ मार्च

दुपारी तीन वाजता, माझ्या लिहायच्या वेळेला, आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. समोरची खुर्ची चाचपून बसली. "वाच."

"आई, तुला भीती वाटते ना?"

"वाच म्हटलं ना."

मी मुद्दाम दुसरं प्रकरण काढलं होतं, शाळेचं. दोन वाक्यांत थांबवलं तिने. "हे नको. माळ्याचं वाच."

मग वाचलं. सबंध. एक शब्द गाळला नाही, आवाज मऊ केला नाही. ठरवलं होतं, विचारलंच तर सांगायचं — तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस, आई. तुलाही जाब द्यावा लागेल. मी काही आता सहा वर्षांची नाही.

तिने काहीच विचारलं नाही. तोंड खिडकीकडे होतं. तिला समोरचं बघायचं असलं की मान वळवावी लागते, म्हणून कळत नाही नेमकी कुठे बघतेय. संपल्यावर म्हणाली, "नीट वाचतेस. तोंडात शब्द स्वच्छ आहेत तुझे." काठी घेतली आणि आत गेली. रात्री जेवली नाही.

प्रुफं उद्या द्यायची आहेत. सही तेवढी राहिलीय.

२९ मार्च

सकाळी चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "एक चुकलंय तुझं. शिडी मी काढायचे."

मी गॅस बंद केला.

"ते दुकान बंद करून आत यायचे आणि परत लावायचे. दर वेळी म्हणायचे, अगं नको करूस असं. तुम्ही दोघं माझ्या अंगावर सकाळपासून... मला थोडा वेळ कुणीच नको असायचं. मी दाराआड बसून असायचे. तुमच्या हाका ऐकू यायच्या." चहा प्यायली. "कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता त्यांनी मला. तो पाळला. आता लिहितेच आहेस तर मला लिही. त्यांना कशाला?"

छापखान्यात फोन केला. छपाई थांबवा म्हटलं.

दादाला हे फोनवर सांगता येणार नाही. दुकानात जातेय.